आमारोंच्या गावाचा झेंडा

झेंडा गुंडाळायचा कसा, या एका प्रश्नात नाशिक सोडण्याच्या आदल्या दिवसाची सगळी सकाळ गेली. घडी घातली की जर मोडते, आणि मोडलेल्या जरीवरची रेघ पुन्हा कधी जात नाही. शेवटी ओळखीच्या कापडवाल्याकडून ताग्याची पुठ्ठ्याची नळी मागून आणली. तिच्यावर मलमल, मलमलीवर झेंडा आणि झेंड्यावर पुन्हा मलमल गुंडाळली. चार महिने मान मोडून केलेलं काम एका लांबुळक्या पार्सलात मावलं. ते काखोटीला मारून मी, छप्पन्न वर्षांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते. भीती तिथूनच सुरू झाली होती, पण ती साधी, सगळ्यांना असते तशी.

मी भरतकाम करते. शाळांचे बॅज, बँडवाल्यांच्या पट्ट्या, ढोल-पथकांचे ध्वज. एका मंडळासाठी मोठा जरीपटकाही केला होता. माझी धाकटी बहीण स्मिता पंधरा वर्षं कुवेतमध्ये आहे. फरवानियातल्या एका दवाखान्यात ती रक्ततपासणीचं काम करते. तिच्याकडे साखर तपासायला येणारे एक पोर्तुगीज इंजिनियर आहेत, आमारो नावाचे. मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर टँकरमध्ये तेल भरण्याच्या कामावर ते देखरेख करतात. एकदा त्यांनी स्मिताच्या मोबाइलवर माझ्या जरीपटक्याचा फोटो पाहिला आणि विचारलं, "ह्या बाई माझ्या गावाचा झेंडा करतील का?"

त्यांचं गाव अटलांटिक महासागरातल्या एका बेटावर आहे, पोर्तुगालपासूनही विमानाने दोन-अडीच तास लांब. गावाचं नाव मी लिहीत नाही, तशी त्यांची विनंती आहे. तिकडे प्रत्येक नगरपालिकेला स्वतःचा झेंडा असतो आणि झेंड्याच्या मधोमध ढालीच्या आकाराचं मानचिन्ह. आमारोंनी पाठवलेलं चित्र पाहिलं तेव्हा मला ते पत्त्यांच्या कॅटातलं वाटलं होतं. पांढऱ्या ढालीवर समुद्रातून वर आलेला काळा डोंगर, त्याच्या टोकाला लाल ज्वाळा, दोन्ही अंगांना द्राक्षाची हिरवी पानं, पायथ्याशी निळ्या लाटांच्या तीन ओळी. ढालीवर चांदीचा मुकुट, पण तो राजाचा नाही, तटबंदीचा, चार बुरुजांचा. खाली गावाचं नाव लिहिलेली पट्टी. सगळ्याच्या मागे निळ्या-पांढऱ्या रेशमाचे चार चौकोन. मिरवणुकीत धरायचा झेंडा म्हणून मीटरभर लांब, मीटरभर रुंद, काठाला सोनेरी दोरी आणि गोंडे.

"बुरूज चारच," आमारोंनी फोनवर तीनतीनदा बजावलं होतं. "पाच केलेत तर माझं गाव शहर होईल, आणि शेजारचं गाव आम्हाला जन्मभर हसेल."

गावचा जुना भरतकामाचा झेंडा दमटपणाने कुजून गेला होता. आमारो उन्हाळ्यात निवृत्त होऊन परत जाणार होते, जाताना गावाला नवा झेंडा नेणार होते. पण त्यांची गावी असलेली अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई अचानक खूप आजारी पडली. एप्रिलमध्ये गावचा सण असतो. त्या दिवशी हा झेंडा समुद्रावर फडकतानाचा फोटो तरी तिला दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून झेंडा कुरियरने न पाठवता मीच घेऊन निघाले. स्मिताही किती वर्षं बोलावत होती.

कुवेतच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या यंत्रातून माझी बॅग गेली, लोणच्याच्या बरण्या गेल्या, आणि पार्सल जाताना पट्टा थांबला. पडद्यावर नळीभोवती काळाकुट्ट धातूचा गोळा दिसत होता. चांदीची तार ती, तशीच दिसणार. पण हे मला तेव्हा कुठलं सुचायला. गणवेशातल्या दोन बायकांनी मला बाजूला घेतलं. माझं इंग्रजी सातवीतलं. ‘फ्लॅग’ हा एवढा साधा शब्दही आठवेना.

त्यांनी मलमल सोडली. काळा डोंगर, ज्वाळा, बुरूज टेबलावर पसरले. एक जण दुसरीला काही म्हणाली. मग एक वयस्क अधिकारी आला. हे कोणत्या देशाचं निशाण, असं त्याने विचारलं. मी मान हलवली. कोणत्या पक्षाचं? पुन्हा मान हलवली. कोणाचंच नसलेलं निशाण घेऊन ही बाई इथे कशाला आली, असा प्रश्न त्याच्या कपाळावर मला स्पष्ट दिसत होता. आपण तुरुंगात, स्मिताची नोकरी गेली, इथपर्यंत माझं मन पोहोचलं होतं. तेवढ्यात त्याने झेंडा उलटा केला आणि अस्तराच्या कडेचे टाके बोटाने चाचपले.

"शुगल यद?" (हाताचं काम?) त्याने आपला हात पुढे करून सुई चालवल्याची खूण केली.

मी माझी उजवी तर्जनी पुढे केली. टोकाला सुईने पडलेले घट्टे आहेत. त्याने ती पाहिली आणि त्या बायकांना सांगितलं, नीट गुंडाळून द्या. त्यांनी खरंच नीट गुंडाळून दिलं, माझ्यापेक्षा घट्ट. बाहेर स्मिता वाट पाहत होती.

स्मिताचं घर सलवा भागात आहे. तिचा नवरा मिलिंद बँकेत, मुलगी इरा नववीत. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. पहिले चार दिवस मी घरातूनच कुवेत पाहिलं: पिवळट आकाश, एकाच रंगाच्या इमारती, खालच्या बकाल्यात (किराणा दुकानात) मिळणारा गरमागरम खुब्ज (रोटी). तो आम्ही माझ्या ठेच्याबरोबर खात होतो. एकदा स्मिताबरोबर फरवानियाला गेले. तिथे बसमध्ये, दुकानांत, फुटपाथवर आपलीच माणसं. हिंदी, मल्याळी, तेलुगू, मधूनच कोकणी. नाशिकच्या बाजारात आल्यासारखं वाटलं आणि जरा धीर आला.

आमारो झेंडा बघायला घरी आले. साठीचे, बुटके, जाड भुवयांचे. दारातून आत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, हात कुठे धुऊ? हात धुऊन, पुसून, मग ते टेबलाशी उभे राहिले. बोटाने डोंगराची कड चाचपली, खालच्या पट्टीवरचं गावाचं नाव ओठांतल्या ओठांत वाचलं.

"सेन्योरा," (बाईसाहेब) ते म्हणाले, "शुक्रवारी आमचा सण. तुम्ही बोटीवर या. ज्यांनी केला त्यांनीच तो काठीला लावला पाहिजे."

स्मिताने भाषांतर केलं, आणि मी नको म्हणायच्या आत तिनेच हो म्हणूनही टाकलं. मिलिंदला बोट लागते, म्हणून तो इराबरोबर घरीच राहणार होता.

शुक्रवारी सकाळी आमारो, स्मिता आणि मी, आम्ही तिघं निघालो. आमारोंच्या मित्राची फायबरची बोट होती, मागे एक इंजिन, वर कापडी छत. निघताना त्यांनी आम्हाला नारिंगी जाकिटं घातली, त्यांचे बंद स्वतः ओढून पाहिले, आमच्या दोघींच्या ओळखपत्रांची खात्री केली. स्मिताचा बताका (तिथलं ओळखपत्र), माझा पासपोर्ट. हवामानखात्याने संध्याकाळी वारा सांगितलाय, दुपारी बारापर्यंत आपण परत, असं ते म्हणाले. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा होता. तासाभराने फैलका बेटाची सपाट रेघ दिसू लागली. तिथे त्यांनी इंजिन मंद केलं आणि मी झेंडा काठीला ओवला.

खोटं कशाला सांगू, तो क्षण मला फार आवडला. घरात टेबलावर पाहिलेल्या लाटा खऱ्या लाटांवर हलू लागल्या. उन्हात बुरूज इतके चमकले की आमारोंनी डोळे बारीक केले. काठी धरायला त्यांनी मलाच उभं केलं. बोट डुलत होती, त्यामुळे माझा चेहरा फोटोत कसा आला असेल हे मला न बघताच कळलं. त्यांनी जागच्या जागी फोटो आईकडे पाठवून दिला. मग आम्ही खाल्लं. स्मिताची थालीपिठं आणि दाण्याची चटणी, आमारोंनी स्वतः भाजलेला त्यांच्या बेटावरचा गोड पाव. चटणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा घेतली.

परत फिरलो आणि दहा-पंधरा मिनिटांत इंजिनाने कुंथल्यासारखा आवाज केला आणि ते बंद पडलं. आमारो मागे वाकले. पाण्याखालच्या पंख्याला जाड दोर गुंडाळला गेला होता. पाण्यात गरगूर (मासे पकडायचे तारेचे पिंजरे) सोडतात, त्यांपैकी एखाद्याचा तुटलेला दोर. त्यांनी सुरीने तो कापून काढला. इंजिन सुरू झालं, पण पंखा फिरेना. आत काहीतरी मोडलं होतं.

"काळजी नको," ते म्हणाले. नांगर टाकला. रेडिओवरून तटरक्षकांना बोटीची जागा सांगितली. पलीकडून उत्तर आलं, तासाभरात बोट पाठवतो, जागेवरून हलू नका. सगळं शांतपणे चाललं होतं. मग स्मिताने पश्चिमेकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, तिकडे किनारा का दिसत नाहीये?"

किनारा होता तिथे भिंत होती. पाण्यापासून आभाळापर्यंत तपकिरी, आणि ती चालत येत होती.

स्मिताला नाव माहीत होतं. वसंतात तिकडे अशी वादळं अचानक उठतात, त्यांना सरायात म्हणतात. आधी तोझ (धूळ), मग पाऊस. घरात असलो की खिडक्यांना ओले टॉवेल लावतो, ती म्हणाली. आमारोंनी झटकन झेंडा काठीवरून काढला, मलमलीत गुंडाळून नळीसकट माझ्या मांडीवर ठेवला. आम्ही तो प्रकार जवळ येताना पाहत बसलो. वारा यायच्या आधी एकदम गार वाटलं. मातीचा वास आला, समुद्रात मातीचा वास.

मग दिवस विझला. दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते आणि समोर बसलेल्या स्मिताचं जाकीट फक्त एक मळका नारिंगी डाग दिसत होतं. धूळ नाकात, दातांत, पापण्यांत. पहिल्या झोतात वरचं छत फाटून उडालं, कुठे गेलं तेही दिसलं नाही. लाटा लहानच होत्या म्हणे. आमारो नंतर तसं म्हणाले. मला त्या घराएवढ्या वाटल्या. प्रत्येक लाटेला बोट वर जाई आणि नांगराचा दोर ताणून हिसका बसे. सहाव्या की सातव्या लाटेला तो हिसका बसलाच नाही. बोट अलगद मागे सरकू लागली. आमारोंनी दोर ओढून घेतला. टोकाला नांगर नव्हता, नुसत्या विस्कटलेल्या पिळाच्या शेंड्या.

त्यांचा चेहरा मी तेव्हा जवळून पाहिला. इतका वेळ ते घाबरले नव्हते म्हणून मी तग धरून होते. आता तेही घाबरले होते.

ते ओरडून स्मिताला सांगत होते, ती माझ्या कानाशी तोंड आणून मराठीत सांगत होती. वारा जमिनीकडून आहे. तो आपल्याला खुल्या समुद्रात नेतोय. आपण सांगितलेल्या जागी ते शोधायला येतील आणि आपण तिथे नसू. शिवाय पुढे टँकरचा रस्ता आहे. बोट आडवी झाली तर उलटेल, तिचं तोंड वाऱ्याकडे ठेवायला हवं. दोराला बांधून काहीतरी पाण्यात सोडायला हवं, छत्रीसारखं फुगणारं, पाणी धरून ठेवणारं. मजबूत कापड हवं.

छत गेलं होतं. स्मिताची ओढणी त्यांनी ओढून पाहिली, ती मधोमध फाटली. मग स्मिताने माझ्या मांडीकडे पाहिलं.

"ताई..."

"नाही," मी म्हटलं.

हे मला लिहायला जड जातंय, पण तेच झालं. आई गेल्यावर जिला मी वाढवलं, ती माझी बहीण समोर बुडायच्या बेतात होती, आणि मी दोन्ही हातांनी पुठ्ठ्याची नळी घट्ट धरली होती. त्या क्षणी मला फक्त डोंगराची काळी छटा आठवत होती, ती जमायला एकवीस दिवस लागले होते. आमारोंनी झेंडा मागितलाच नाही. त्यांनी एकदा नळीकडे पाहिलं आणि नजर फिरवली. गाव त्यांचं होतं. त्याचा झेंडा समुद्रात टाकायला ते कसे मागणार?

तेवढ्यात धुळीतून भोंगा वाजला. कानात नाही, छातीत वाजला. कुठल्या दिशेने ते कळेना. आमारो ताठ उभे राहिले आणि डोकं इकडून तिकडे वळवू लागले. रोज ज्या जहाजांच्या पोटात ते तेल भरत, त्यांच्यापैकीच एक ते होतं. तेवढ्या उंचीवरून आमच्यासारखी बोट त्यांना स्वच्छ उन्हातही दिसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मी मलमल फाडून काढली.

रेशमाच्या कोपऱ्यांना आमारोंनी गाठी मारल्या, त्या निसटल्या. रेशीम आणि जर, दोन्ही गुळगुळीत. ओढ बसली की गाठ सुटणारच. मी स्मिताला म्हटलं, "माझी पर्स." गोंडे सुटले तर टाके घालायला म्हणून सुया आणि मेण लावलेला दोरा बरोबर घेतला होता. कोपरा आत मुडपायचा, त्यात दोराचा फास अडकवायचा, आणि अस्तर, आतलं ताठ कापडाचं बकरम, रेशीम सगळ्यांतून आरपार टाके. चार कोपरे.

बसल्या जागी मी बोटीत इकडून तिकडे घरंगळत होते. स्मिताने मला पाठीमागून मिठी मारली आणि पाय समोरच्या फळीला टेकवले. माझे हात इतके कापत होते की सुईत दोरा जाईना. तो आमारोंनी ओवून दिला.

"मोज," मी ओरडले. "टाके मोज!"

"किती घालायचेस?"

"एका कोपऱ्याला तीस. मोज तू!"

ती मोजू लागली. एक, दोन, तीन. धुळीने तिला खोकला येत होता. खोकल्यात आकडा चुकला तर मी थांबत नव्हते, ती पुढून सुरू करत होती. दुसऱ्या कोपऱ्याला सुई माझ्या तळव्यात घुसली आणि मी ती दातांनी ओढून काढली. पांढऱ्या चौकोनावर रक्त लागलं. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी जास्त मोठा. "एकोणतीस, तीस," स्मिता म्हणाली, आणि मी दोरा दातांनी तोडला. हात शेवटपर्यंत कापत होते. कापत्या हातांनीही टाका पडतो, हे चाळीस वर्षं शिवून मला माहीत नव्हतं.

आमारोंनी चारही दोर एकत्र बांधून नांगराच्या उरलेल्या दोराला जोडले. झेंडा पाण्यावर ठेवताना ते त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. एक क्षण तो तवंगासारखा पसरून राहिला. मग डोंगर खाली गेला, त्यामागून लाटा, शेवटी चांदीचे बुरूज. दोर सरसरत सुटला आणि ताठ झाला. बोटीने हळूहळू तोंड फिरवलं, वाऱ्याकडे. लाट आता बोटीच्या कुशीवर न बसता तोंडावर बसू लागली. भिजत होतो, पण कलंडत नव्हतो.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि खरी भीती तेव्हा वाटली. शिवताना ती कुठेतरी बाजूला उभी होती. आता माझ्या शेजारी येऊन बसली. टँकरचा आवाज आमच्या डावीकडून गेला. तो दिसला नाहीच, फक्त तेलाचा वास आला आणि नंतर तीन मोठ्या लाटा, ज्यांचा वाऱ्याशी काही संबंध नव्हता. तिसऱ्या लाटेला अर्धी बोट पाण्याने भरली. स्मिता आणि मी डब्यांनी पाणी उपसत होतो. आमारो दोराला हात लावून बसले होते, मिनिटामिनिटाला चाचपत, टाके सुटले की काय हे बघत. मग पाऊस आला, चिखलाचा. एकमेकांचे चेहरे कुंभाराच्या हातासारखे झाले.

स्मिता म्हणाली, "ताई, इराला मी सकाळी रागावले होते."

"घरी गेल्यावर जवळ घे तिला," मी म्हटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मला चार तास वाटले, स्मिता दीड म्हणते. धूळ खाली बसली, आकाश मळक्या पिवळ्यावर आलं आणि इंजिनाचा आवाज ऐकू आला. तटरक्षकांची राखाडी बोट होती. आम्ही सांगितलेल्या जागेपासून फार लांब गेलोच नव्हतो, म्हणून ते इतक्या लवकर पोहोचले. एका अधिकाऱ्याने दोर फेकला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "माकू खौफ." (घाबरू नका.) खौफ हा शब्द मला कळला आणि मी हमसून हमसून रडायला लागले.

ते आमचा पाण्यातला दोर कापायला निघाले. तेव्हा ज्या माणसाने झेंडा एका शब्दानेही मागितला नव्हता, तो हात जोडून विनवू लागला. दोन मिनिटं द्या, फक्त दोन मिनिटं. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं, आणि स्वतःच वाकून ओढू लागला. झेंडा वर आला. निळा रंग पांढऱ्यात उतरला होता, दोन गोंडे गेले होते, एका बाजूची द्राक्षाची पानं पार उसवली होती. चारही कोपरे मात्र जागेवर होते.

"हा कुठल्या देशाचा?" अधिकाऱ्याने विचारलं.

"देशाचा नाही," आमारो म्हणाले. "गावाचा."

किनाऱ्यावरच्या चौकीत आमची कागदपत्रं तपासली, जबाब घेतला. मला पुन्हा विमानतळ आठवला: पाहुणी बाई, परकं निशाण, बंद पडलेली बोट. कुणी दरडावलं नाही. उलट कोरडे टॉवेल दिले, गोड काळा चहा दिला. तरी टेबलापलीकडचा माणूस लिहायचा थांबला की मी चहाचा पेला खाली ठेवत होते. शेवटी त्याने फक्त आमारोंना समज दिली की या दिवसांत आकाशावर विश्वास ठेवू नका. आमारोंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बाहेर मिलिंद आणि इरा उभी होती. इरा धावत आली आणि स्मिताच्या चिखलाने माखलेल्या जाकिटाला चिकटून म्हणाली, "आई, तू परत जायचं नाहीस." पूर्ण मराठीत.

पुढचे आठ दिवस मी घराबाहेर पडले नाही. आमारो एकदा भेटायला आले. त्यांच्या आईने फोटो पाहिला होता. नर्सने मोबाइल डोळ्यांजवळ धरला, तेव्हा तिने झेंड्याबद्दल काही न बोलता विचारलं होतं, काठी धरलेली ही बाई एवढी घाबरलेली का आहे?

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, तिला समुद्राची सवय नाही." ते म्हणाले. "बाकी काही सांगितलेलं नाही. ती आहे तोवर सांगणार नाही." मग त्यांनी माझ्यासमोर सरळ हात जोडले, आपल्यासारखे, कुणाकडून तरी शिकून आले असावेत. "हवामान मी वाचलं होतं. तुम्हा दोघींना मी नेलं. मला माफ करा."

मीही त्यांना सांगितलं की मी आधी नाही म्हटलं होतं. स्मिताने त्याचं भाषांतर करताना आवाज खाली आणला.

"मला ते कळलं होतं," आमारो म्हणाले. "मीही मनात तेच म्हणत होतो."

धुऊन वाळवलेला तो झेंडा त्यांनी मला परत द्यायचा प्रयत्न केला, नव्याला नमुना म्हणून. मी हात मागे घेतला. त्याला अजून खाऱ्या पाण्याचा वास होता. शेवटी तो त्यांच्याकडेच राहिला. नवा मी करून पाठवणार आहे. डाग पडलेला झेंडा गाव मिरवणुकीत घेणार नाही, ते स्पष्ट म्हणाले, आणि मला त्यांचा हा सरळपणा आवडला.

परतीच्या विमानात मी आतल्या बाजूची जागा मागून घेतली. खिडकीजवळच्या प्रवाशाने दोनदा हाक मारून खालचा समुद्र दाखवायचा प्रयत्न केला, मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं होतं, जिवावरचं संकट टळलं की माणूस धीट होतो. तसं काही झालं नाही. नाशिकला आल्यावर बादली भरताना नळाचा आवाज वाढला तरी मी दचकत होते. अड्ड्यावर (भरतकामाच्या लाकडी चौकटीवर) नवं रेशीम चढवलं, डोंगर भरला, बुरूज भरले. लाटांना मात्र अजून हात लावलेला नाही. भीती जात नसते, आपल्यालाच तिच्यासकट कामाला बसावं लागतं, एवढं मात्र त्या प्रवासाने मला शिकवलं.

गेल्या महिन्यात मी पालिकेच्या जलतरण तलावावर बायकांच्या वर्गात नाव घातलं. दुकानात पोहण्याचा पोशाख मागताना विक्रेतीने विचारलं, किती वर्षांच्या मुलीसाठी? पहिल्या दिवशी मी फक्त कठडा धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. आजूबाजूला माझ्या निम्म्या वयाच्या मुली पाय आपटत होत्या. त्यांचं पाणी तोंडावर उडालं की माझे डोळे आपोआप घट्ट मिटत होते. परवा शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आज एक हात तरी सोडा."

मी एक हात सोडला.